तिसरा तुकडा

३ मार्च

ठकू,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, आशीर्वाद तेवढे उचलशील असं कोणी सांगितलंय? पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने दिला.

तुझी डावी किडनी बंद पडली हे तिनेच सांगितलं. इतक्या हळू बोलली, की मी दोनदा ‘काय?’ म्हणाले. खरं तर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. किडनीकडून येणारी नळी कशाने तरी आवळत गेली म्हणे, वर्षानुवर्षं, आणि कोणाला पत्ता लागला नाही. तू म्हणे नुसती ‘पाठ दुखते’ म्हणायचीस. मला पुढचं विचारवलं नाही.

आज तुझ्या हॉस्पिटलचं पत्र आमच्या लॅबमध्ये आलं. नऊ वर्षांपूर्वी दुर्बिणीतून तुझं पोट तपासलं होतं, तेव्हाचा ब्लॉक आणि काच त्यांनी मागवली आहे. मॅडमनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलीचं आहे हो. तुम्हीच काढून द्या, तुम्हाला जागा ठाऊक.”

लहानपणी तू लॅबमध्ये यायचीस तेव्हा या ब्लॉकना साबण म्हणायचीस, आठवतं? “आई, एवढे साबण कोणाला?” मग मी सांगायचे, की माणसाच्या पोटातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मशीनवर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, गुलाबी-जांभळे रंगवायचे, आणि मग मॅडम भिंगाखाली बघून सांगणार की त्या माणसाला काय झालंय. तू विचारायचीस, “आणि काप चुकला तर?” मी म्हणायचे, “तुझ्या आईचा चुकत नाही.”

तर तुझा ब्लॉक काढून दिला. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून, वरून कापूस गुंडाळून. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक काच तडकलेली नाही.

त्यांच्या पत्रात एक वाक्य आहे. ‘आधीच्या तपासणीत एंडोमेट्रिओसिस आढळलेला नसल्यामुळे, सध्याची वाढ नवी आणि वेगळ्या स्वरूपाची असावी हे गृहीत धरून शस्त्रक्रिया ठरवत आहोत.’ वेगळ्या स्वरूपाची म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको.

बाकी इकडे ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, ते स्वतः कुरकुरतात त्याहून कमी. ३१ तारखेला मी निवृत्त होते आहे. काळजी घे. दुखलं तर गरम पाण्याची पिशवी पाठीला लाव, पोटाला नाही. मी ती खुर्चीला बांधून वर्षानुवर्षं काम केलंय, मला विचार.

आई

८ मार्च

ठकू,

पत्र मिळालं नसेल किंवा मिळून टोपलीत गेलं असेल. तरी लिहिते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा कोणाकडून आलाय ते बाबा रोज सांगतात.

तू त्या दुपारच्या जेवणावरून गेलीस, हे मला कळत नाही असं नाही. जावई म्हणाले, “चार डॉक्टर झाले, कोणालाच काही सापडत नाही. आई, तुम्हीच सांगा ना, तपासणी तुमच्याकडेच झाली होती.” तुझं तोंड पांढरं पडलं होतं, एक हात टेबलाखाली पोटावर होता. मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. “माझ्या हाताने कापलंय. त्यात काही नव्हतं. हिच्या पोटात नाही, डोक्यात आहे.” तू चमचा ताटात ठेवलास. आवाजसुद्धा केला नाहीस. पर्स उचललीस आणि गेलीस.

पुढे वर्षभरात जावयांनी तेच वाक्य समुपदेशक बाईंपुढे म्हटलं, “हिची सख्खी आई सांगते.” मावशीने मला हे कळवलं तेव्हा मी तिच्यावरच खेकसले, की नवरा-बायकोच्या भांडणात मला कशाला ओढता.

या आठवड्यात मॅडमना विचारलं, “हा एंडोमेट्रिओसिस होतो तरी कसा?” एकतीस वर्षं मी या रोगाचे काप काढतेय आणि कधी विचारलं नव्हतं. स्वयंपाकीण चव घेत नाही तसं झालं. मॅडमना शिकवायची हौस आहेच. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.

गर्भपिशवीचं आतलं अस्तर दर महिन्याला गळतं, त्यातलं थोडं नळ्यांमधून उलटं पोटात सांडतं. मला वाटायचं, सांडलं की रोग झाला. तर तसं नाही. ते बहुतेक सगळ्याच बायकांच्या पोटात सांडतं. बहुतेकींच्या पोटातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते खाऊन टाकतात आणि विषय संपतो. दहातल्या एखादीच्या पोटात मात्र ते चिकटतं. तिच्याच पोटात का, इथे घोडं अडलंय. तिच्या सफाईच्या पेशी सफाई सोडून त्या पाहुण्यांची सरबराई करतात, त्यांच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग ते पाहुणे आपल्यापुरतं हार्मोन तिथेच तयार करायला लागतात, आणि शरीर ‘आता पुरे’ असा निरोप धाडतं तो ऐकत नाहीत. काहींच्या जनुकांत कॅन्सरमध्ये असतात तसले बदलही सापडतात, आणि तरी तो कॅन्सर नसतो. “आणि त्यांच्याजवळ नसा वाढतात,” मॅडम म्हणाल्या. “दुखण्यासाठी अगदी स्वतंत्र वायरिंग.”

मी म्हटलं, “म्हणजे काचेवर दिसतं? दुखणं?”

“योग्य रंग लावला तर नसा दिसतात की.”

सगळंच असं उलटं सांडून होतं असंही नाही म्हणे. कोणी म्हणतं, पोटाच्या पडद्यातल्याच पेशी रूप पालटतात. कोणी म्हणतं, हाडांच्या मगजातून निघून तिथे जाऊन बसतात. आणि कोणी म्हणतं, मूल आईच्या पोटात घडत असताना थोड्या पेशी वाटेत सांडतात आणि मुलगी वयात येईपर्यंत निजून राहतात. एकमत नाही अजून. शेवटचं ऐकून मी काचांचा ट्रे घेऊन उठले. काम पडलं होतं.

मावशी म्हणाली, वीस तारीख ठरली. सगळंच काढायचं म्हणतात, गर्भपिशवी, दोन्ही बाजूंचे बीजकोश, सगळं, कारण ते काय आहे याचा त्यांना भरवसा नाही. तू तेहतीस वर्षांची आहेस. डॉक्टरांना म्हणावं, जरा दमानं घ्या.

आई

१४ मार्च

ठकू,

तीन कागद फाडले. हा चौथा.

तुझा तो नऊ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट धरून चालू नकोस. तो चुकीचा आहे. मॅडमचा दोष नाही, त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. त्यांना काय दिसावं ते मी ठरवलं.

आमच्यात एक रीत आहे. घरच्या माणसाचा नमुना आला तर तो आपण हातात घ्यायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचा. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. माझ्या शेजारच्या बाईंनी स्वतःच्या नवऱ्याची बाटली माझ्याकडे दिली होती आणि तोवर खिडकीशी पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. तुझी बाटली आली तेव्हा मी ती त्यांना दिली नाही. त्यांच्या कापांना सुरकुत्या पडतात. माझ्या लेकीची काच सुरकुतलेली? म्हटलं, मीच करते.

बाटलीवर लिहिलं होतं, तुकडे तीन. दोन तांदळाएवढे आणि एक टाचणीच्या डोक्याएवढा. मेणात बसवताना तिन्ही एका पातळीत बसवायचे असतात. तो बारका नीट खाली टेकला, बाकीचे दोन जरा वर तरंगले आणि मेण थिजलं. तेव्हाच वितळवून पुन्हा बसवायला हवं होतं. मी म्हटलं, सांभाळून घेईन.

मशीनवर साच्याचा तळ वर येतो, म्हणून पहिल्या कापात एकटा तो बारका दिसला. एवढ्याशा नमुन्याचा एकही काप टाकायचा नसतो, पहिल्यापासून सगळे ठेवायचे असतात, हे मीच नव्या मुलींना शिकवते. पण एका कोपऱ्यात ठिपका असलेली काच मला मॅडमपुढे ठेवायची नव्हती. तिन्ही तुकडे एका कापात शेजारी शेजारी, सपाट, देखणे, असं मला तुझं काम करायचं होतं. म्हणून मी जाड काप घेत खाली गेले. ते दोघं पुरते उघडे पडले तेव्हा तिसरा संपला होता.

त्याचे सगळे काप मशीनखालच्या ट्रेमध्ये, मेणाच्या भुशात. मी ब्रशने तो भुसा वरखाली केला. बोटांनी केला. मग बाकीच्या दोघांची काच तयार केली. फार सुंदर झाली होती, मॅडम म्हणाल्यासुद्धा. बाटलीवरची चिठ्ठी मी बदलली आणि वहीत लिहिलं, तुकडे दोन. त्या दोघांत काही नव्हतं. ‘एंडोमेट्रिओसिस आढळला नाही,’ असा रिपोर्ट गेला.

त्या तिसऱ्यात काय होतं मला काय माहीत? काही नसेलही. पण तो तपासलाच गेला नाही, हे खरं.

हे पत्र मिळाल्याबरोबर तुझ्या डॉक्टरांना दाखव. तेव्हापासूनचंच हे असेल तर त्यांना कॅन्सर समजून एवढं सगळं काढायची गरज पडणार नाही. मॅडमना मी बोललेले नाही. ३१ तारखेला निरोप समारंभ आहे, फलक तयार होऊन आलाय, ‘एकतीस वर्षांची निर्दोष सेवा’. तिकडे तुझं काम होईल आणि इकडे माझी झाकली मूठ झाकलेली राहील, एवढं कर. आईला एवढं तरी करशील ना?

पत्र रजिस्टर नाही करत, सही घ्यायला तुला उठावं लागेल. साध्या टपालाने चार दिवसांत पोचतं.

आई

२१ मार्च

ठकू,

मावशी आज किल्ली घेऊन तुझ्या फ्लॅटवर गेली होती, कपडे आणायला. माझं पत्र खाली पेटीत होतं. तू आठवडाभर आधीच हॉस्पिटलात दाखल झालीस हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

काल सगळं काढलं.

मी फोन करू शकले असते. तू उचलला नसतास, मावशीने उचलला असता. हॉस्पिटलचा नंबर त्यांच्या पत्रावर छापलेला होता. माझ्या टेबलापासून मॅडमच्या खोलीपर्यंत अकरा पावलं आहेत, आज मोजली. मी ती अकरा पावलं वाचवली आणि टपालपेटीपर्यंत चालत गेले. आजारी पोरीच्या खांद्यावर बंदूक ठेवली. नेम चुकला तर चुकला, माझं नाव नको यायला.

आज मॅडमना सांगितलं. उभ्याने सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मला सांगितलं असतंत तर मी ‘नमुना अपुरा’ लिहिलं असतं. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली असती. एवढंच होतं हो.” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “मी रागावले असते असं वाटलं?” तसं मला वाटलं होतं, हेही खरं नाही. त्या रागावल्या नसत्या. चुचकारलं असतं. ‘तुमच्याही हातून होऊ शकतं,’ असं म्हणाल्या असत्या, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

जुना रिपोर्ट मागे घेतल्याचं पत्र त्यांनी तुझ्या हॉस्पिटलला धाडलंय. समारंभ नको म्हणून मी लिहून दिलं. फलक कुठे ठेवायचा म्हणून शिपाई विचारत होता, मी सांगितलं भिंतीकडे तोंड करून ठेवा.

बाबांनाही सांगितलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत बसले. एकाच पानाची घडी चार वेळा घातली.

ठकू, माफ कर असं लिहिणार होते. लिहीत नाही. तू आत्ता उठून बसू शकतेस का एवढं मावशीला विचारून घेते.

आई

९ एप्रिल

ठकू,

तुझे नवे ब्लॉक मॅडमच्या मतासाठी आमच्याकडे आले. मी आता नोकरीत नाही, पण मॅडमनी बोलावून घेतलं. कापायला नाही. काप शेजारच्या बाईंनीच काढले आणि मी खिडकीशी पाठ करून उभी राहिले. त्यांच्या कापांना सुरकुत्या पडतात असं मी जन्मभर म्हटलं. पडतात. सुरकुतीतूनही सगळं स्वच्छ दिसतं.

कॅन्सर नाही. कुठेही नाही. किडनीच्या नळीवर, आतड्याच्या बाहेर, सगळीकडे एकच, एंडोमेट्रिओसिस. तुझ्या डॉक्टरांनी हे तुला सांगितलंच असेल. हे आधी ठाऊक असतं तर गर्भपिशवी आणि निदान एका बाजूचा बीजकोश राहिला असता, असं मॅडम म्हणाल्या. मी विचारलं म्हणून म्हणाल्या. मला खोटं सांगू नका, असं मीच म्हटलं होतं.

मग त्यांनी नसांचा रंग लावलेली काच दाखवली. ठकू, दिसतात. तपकिरी धाग्यांसारख्या. त्या पेशींच्या अगदी कडेकडेने, खेटून. ज्याला मी ‘डोक्यात आहे’ म्हणाले ते माझ्या डोळ्यांपुढे भिंगाखाली होतं.

मावशीने तुझा निरोप दिला. मला चार वर्षांत पहिल्यांदा तुझ्याकडून काही आलं. ती म्हणाली, “तिने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, तिला एवढंच विचार, तो तिसरा तुकडा कोणत्या रंगाचा होता.”

मावशीला वाटलं, तू भ्रमात बोलतेस. मला कळलं. लॅबमध्ये शाळेचा गृहपाठ करत वाढलेली मुलगी आहेस तू. कुठे बोट ठेवायचं तुला ठाऊक आहे.

काळा होता. करपलेल्या मोहरीच्या दाण्यासारखा. बाकीचे दोन पांढुरके होते आणि तो काळा होता, आणि मी तो चिमट्यात धरला तेव्हाच ओळखला. या रोगाचा जुना डाग असाच दिसतो. ‘मला काय माहीत’ असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं.

मी कसा ओळखला तेही सांगते. हे बाबांनासुद्धा माहीत नाही.

तुझी तपासणी झाली त्याच्या दोन वर्षं आधी माझी गर्भपिशवी काढली. फार अंगावर जातं म्हणून काढली असं मी सगळ्यांना सांगितलं. ती आमच्याच लॅबमध्ये आली होती. शेजारच्या बाईंनी काप काढले, रिपोर्ट मॅडमनी पाकिटात घालून दिला. मी वाचला आणि कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या साड्यांच्या खाली ठेवला. दोन्ही बाजूंना एंडोमेट्रिओसिस. जुना, काळा, पसरलेला. मला चौदाव्या वर्षापासून दुखत होतं. तुझ्यासारखंच. मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “घरोघरी मातीच्या चुली.” मी दात आवळून सोसलं आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळत होतं आणि तरी मी कळून घेतलं नाही. तुझं दुखणं खरं मानलं असतं, तर मी तीस वर्षं जे गिळलं ते उगाचच गिळलं असं झालं असतं. तो काळा दाणा भुशात गेला तेव्हा मी घाबरले, हे खरं. पण हायसंही वाटलं.

आईला असेल तर लेकीला असण्याची शक्यता बरीच वाढते. तुझ्या पहिल्या डॉक्टरने तुला विचारलं होतं, “आईला असा काही त्रास होता?” मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “छे.”

आज मॅडमनी न विचारता माझी जुनी काच काढली आणि दोन भिंगांवर शेजारी शेजारी लावली, तुझी आणि माझी. मी आधी एकीत बघितलं, मग दुसरीत. पुन्हा पहिलीत. खालची चिठ्ठी वाचल्याशिवाय मला सांगता येईना, कुठली तुझी आणि कुठली माझी. मग मी स्टुलावर बसून रडले, लॅबमध्ये, सगळ्यांदेखत. शेजारच्या बाईंनी माझ्या हातातली काच हळूच काढून घेतली.

मला बोलावू नकोस. तुझं मन होणार नाही आणि व्हावं असं मी काही केलेलं नाही. माझा जुना रिपोर्ट या पाकिटात घातला आहे, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखव. मावशीच्या धाकटीलाही त्याची प्रत दे. ती बारा वर्षांची आहे. मावशीला मी सगळं सांगितलंय, हेही.

एकच राहिलं. तू तेरा वर्षांची होतीस. शाळेतून लवकर आलीस, बाथरूमच्या दाराला टेकून उभी राहिलीस, गणवेशाचा पट्टा सोडलेला होता. म्हणालीस, “आई, फार दुखतंय गं. असं दुखतं का?” मी कणीक मळत होते. मान वर केली नाही. माझी आई जे म्हणाली तेच मी म्हटलं, अगदी तिच्याच आवाजात. तू थोडा वेळ तिथेच उभी होतीस. मग आत गेलीस.

त्या वेळचं उत्तर आज लिहिते.

हो गं. फार दुखतं. मला माहीत होतं.

आई